कौटुंबिक हिंसा प्रतिबंधक सामुदायिक कार्यक्रमांचे मूल्यमापन (नाशिक जिल्हा)

घरातील हिंसा घडण्यापूर्वीच टळावी, घडत असेल तर लवकर थांबावी आणि स्त्रीला तिच्या गावात, पाड्यावर किंवा वस्तीतच आधार मिळावा, या हेतूने चालवलेल्या कार्यक्रमांचा प्रत्यक्षात काय परिणाम झाला, हे पद्धतशीरपणे तपासण्याची ही प्रक्रिया आहे. बचत गटांतील चर्चा, पुरुष व किशोरवयीन मुलांशी संवाद, अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविकांचे प्रशिक्षण, समुपदेशन आणि कायद्याची माहिती देणे, अशी अनेक कामे या कार्यक्रमांत येतात. महाराष्ट्रात अशा कामाला जुनी परंपरा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुरुषांमधील काम ‘मावा’ या संघटनेने १९९३पासून हाती घेतले. मात्र किती बैठका झाल्या व किती जणी आल्या, एवढ्या नोंदींना मूल्यमापन म्हणता येत नाही. कार्यक्रम राबवला गेला इतकेच त्यांवरून कळते.

मोजायचे काय, हा पहिला प्रश्न असतो. २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ने शारीरिक हिंसेबरोबरच लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानले आहे. त्यामुळे केवळ मारहाण मोजणारी पाहणी अपुरी ठरते. मारहाण कमी होऊन मजुरीचे पैसे काढून घेणे वा माहेरी जाऊ न देणे वाढले असेल, तर अशा पाहणीत तो कार्यक्रम यशस्वी दिसेल. ‘तुमच्यावर हिंसा होते का?’ असे थेट विचारल्यास बहुतेक उत्तरे नकारार्थी येतात. म्हणून थप्पड मारणे, ढकलणे, घराबाहेर काढणे अशा एकेका कृतीबद्दल आणि ठरावीक कालावधीबद्दल, बहुधा गेल्या १२ महिन्यांबद्दल, विचारले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले, तर हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के होत्या. पोलीस ठाण्यातील नोंदींवर विसंबणे का धोक्याचे आहे, हे या दोन आकड्यांवरून कळते. या सर्वेक्षणातील हिंसेविषयीचे प्रश्न मोजक्या कुटुंबांतच विचारले जात असल्याने त्यांचे निष्कर्ष राज्य पातळीपर्यंतच मिळतात. म्हणून नाशिक जिल्ह्यातील कार्यक्रमाला आरंभीची पाहणी स्वतःच करावी लागते.

तक्रारींच्या संख्येचा अर्थ लावताना सर्वाधिक गफलत होते. कार्यक्रमानंतर तक्रारी वाढल्या, तर हिंसा वाढली असेच असते असे नाही. पूर्वी न बोलणाऱ्या स्त्रिया आता बोलू लागल्या असतील आणि सुरुवातीच्या काळात तेच यशाचे लक्षण असू शकते. याउलट ‘मिटलेल्या’ प्रकरणांची संख्या फसवी असते. गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, या उद्देशाने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत तंटे मिटवणाऱ्या गावांना पुरस्कार दिले जात. बांधाच्या किंवा वाटणीच्या वादात असा निकष समजण्यासारखा आहे. नवरा-बायकोच्या प्रकरणात मात्र समेट म्हणजे अनेकदा स्त्रीची समजूत घालून तिला पुन्हा नांदायला पाठवणे असते आणि नोंदवहीत ते प्रकरण निकाली निघते. त्यामुळे प्रकरण मिटल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने ती स्त्री सुरक्षित आहे का आणि घरी परतण्याचा वा न परतण्याचा निर्णय तिचा स्वतःचा होता का, हे विचारल्याशिवाय तंटे मिटवणाऱ्या कोणत्याही समितीचे यश मान्य करू नये.

नाशिक जिल्ह्याची रचना या कामात विशेष अडचणी उभ्या करते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी व निफाड भागात हंगामी स्थलांतर करतात. आरंभीची पाहणी पावसाळ्यात पाड्यावर आणि अखेरची ऐन द्राक्षहंगामात झाली, तर दोन्ही वेळी भेटलेल्या स्त्रिया वेगळ्या असतात, शिवाय हाती पैसा येण्याचा काळ व दारूची उपलब्धता यांतही फरक पडलेला असतो. कार्यक्रम असलेल्या आणि नसलेल्या गावांतील स्त्रिया एकाच बागेत काम करत असतील, तर ऐकलेले दुसऱ्या गावातही पोहोचते आणि तुलना पुसट होते. याहून गंभीर त्रुटी गळतीची आहे. जिला सर्वाधिक त्रास होता, ती माहेरी निघून गेली किंवा घराबाहेर काढली गेली, तर अखेरच्या पाहणीत ती सापडतच नाही आणि उरलेल्या स्त्रियांच्या उत्तरांवरून हिंसा घटल्याचे चित्र निर्माण होते. म्हणून न भेटलेल्या प्रत्येक स्त्रीचे कारण स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. प्रश्नावली प्रमाण मराठीपुरती ठेवूनही भागत नाही. बागलाण-कळवणकडे अहिराणी, आदिवासी पट्ट्यात कोकणा समाजाची कोकणी आणि मालेगावात उर्दू बोलणाऱ्या मुलाखतकार स्त्रिया लागतात.

तुलनेसाठी वस्त्यांची निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक करणे, ही सर्वांत भक्कम पद्धत मानली जाते. युगांडातील कंपाला शहरात ‘सासा!’ या कार्यक्रमाची तपासणी अशीच झाली. कार्यक्रम राबवलेल्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी आढळली. परंतु एकूण वस्त्या आठच असल्याने या अंदाजातील अनिश्चितता मोठी होती. छोट्या संस्थांना इतकाही पसारा झेपत नाही. त्यांनी मोजक्या स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती प्रामाणिकपणे घ्याव्यात, हे अपुऱ्या नमुन्यावरून टक्केवारी जाहीर करण्यापेक्षा अधिक उपयुक्त आहे.

पाहणीमुळेच स्त्रीला मार बसू नये, ही पूर्वअट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका घरातून एकाच स्त्रीची मुलाखत, पूर्ण एकांत आणि पाहणीच्या नावात हिंसेचा उल्लेख टाळणे आवश्यक ठरते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतील एका खोलीच्या घरात एकांत मिळवायचा तर पतीची पाळी कोणती, हे आधी माहीत हवे आणि कोणी अचानक आत आल्यास मुलांच्या लसीकरणाकडे विषय वळवण्याची तयारी हवी. मुलाखतीत धोका उघड झाला, तर १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक सांगून काम संपत नाही. वरील कायद्याखालील संरक्षण अधिकारी व हिंसाग्रस्त स्त्रीला एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या सखी वन स्टॉप सेंटरपर्यंत सोबत जाणारी कार्यकर्ती लागते आणि सुरगाण्याच्या डोंगराळ पाड्यावरून तिथवर पोहोचण्याच्या प्रवासाचा खर्च पाहणीच्या अंदाजपत्रकातच धरावा लागतो.