गार्सियांचा मूळपुरुष

गार्सिया घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला कुणी बसलंच, तर पहिल्याच पानावर अडेल. मूळपुरुष म्हणून नाव कुणाचं घालायचं? स्पेनमधलं हे सर्वांत मोठं आडनाव. १४ लाखांहून अधिक लोक ते पहिलं आडनाव म्हणून लावतात.

मुळात ते आडनाव नव्हतंच, पाळण्यातलं नाव होतं. ते उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेतलं असावं, असा भाषातज्ज्ञांचा कल आहे. बास्कमध्ये अस्वलाला 'हार्त्स' म्हणतात आणि तरुणाला 'गास्ते'. दोन्हींवरून व्युत्पत्ती लावली जाते. मला अस्वल आवडतं, पण आवड म्हणजे पुरावा नव्हे.

नावाचं आडनाव कसं होतं, ते उत्तर स्पेनमधल्या पाम्पलोना या जुन्या राज्याच्या राजांकडे पाहिलं की कळतं. गार्सिया हिमेनेसचा मुलगा सांचो गार्सेस ९०५ साली गादीवर आला. 'गार्सेस' म्हणजे गार्सियाचा मुलगा. त्याच्या मुलाचं नाव गार्सिया सांचेस, म्हणजे सांचोचा मुलगा. नातू पुन्हा सांचो गार्सेस! बाप बदलला की शेवटचा शब्द बदलायचा. पुढच्या शतकांत हे फिरणं थांबलं आणि रॉड्रिगोचा पणतूही रॉड्रिगेसच राहिला. गोव्यातल्या फर्नांडिस, रॉड्रिग्स या आडनावांतही हाच प्रत्यय आहे, पोर्तुगीज वळणाचा. गार्सिया मात्र बहुतेक ठिकाणी प्रत्ययाविनाच चिकटलं. ज्या गावात कुणी गार्सिया नावाचा बाप होता, तिथे नवं घराणं सुरू झालं.

इथे जनुकशास्त्र मदतीला येतं. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच. म्हणजे एका आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र जुळायला हवं. स्पेनमध्ये तपासलं, तेव्हा दुर्मीळ आडनावांत ते बऱ्यापैकी जुळलं. पण आडनाव जितकं मोठं, तितकी सरमिसळ जास्त. दोन अनोळखी गार्सियांचं नातं रस्त्यावरच्या कुठल्याही दोन स्पॅनिश माणसांइतकंच, फार तर किंचित जास्त.

इतकं सार्वत्रिक आडनाव ओळखीच्या कामाचं उरत नाही. स्पेनमध्ये वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात, म्हणून निभावतं. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का जगाला 'लोर्का' म्हणून माहीत आहे, आणि लोर्का हे त्याच्या आईचं आडनाव. २०१७पासून पालकांनी आधी कोणतं लावायचं हे आपसांत ठरवायचं. वडिलांचंच पहिलं, हा आपोआप लागणारा नियम गेला.

फिलिपिन्समध्ये तर रक्ताचा प्रश्नच नव्हता. १८४९ साली तिथल्या स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने स्थानिकांना आडनावं देण्यासाठी वर्णानुक्रमे एक यादीच छापून घेतली. तिची पानं गावागावांत वाटली गेली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही आडनावांमागून आडनावं 'र'ने सुरू होतात.