केमिकल इंजिनिअरिंगमध्ये केमिस्ट्री इतकी कमी का?

केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल इंजिनिअरिंगला गेलेले विद्यार्थी दुसऱ्या वर्षी हमखास गोंधळतात. परीक्षानळ्या मागे पडतात आणि समोर येतात पंप, पाइप, वाफ, घर्षण आणि न संपणारी गणितं. ‘आपण चुकून मेकॅनिकलला तर आलो नाही ना?’ अशी शंका बऱ्याच जणांना चाटून जाते. शंका रास्त आहे. या पदवीची घडणच तशी झाली आहे.

सुरुवात होते एका उपद्रवी वायूपासून. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागे. फ्रान्सच्या निकोला लब्लांने 1791 मध्ये मिठापासून सोडा करण्याचं पेटंट मिळवलं. मिठावर गंधकाम्लाची क्रिया करायची, मग तयार झालेलं सोडियम सल्फेट चुनखडी आणि कोळशाबरोबर भाजायचं. पहिल्याच पायरीला हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि कारखानदार तो सरळ धुराड्यातून सोडून देत. इंग्लंडमध्ये अशा कारखान्यांभोवतीची झाडं आणि शेतं करपून गेली.

1836 मध्ये विल्यम गॉसेज नावाच्या कारखानदाराने यावर तोड काढली, तीही कशी, तर एक पडीक पवनचक्की काटेरी झुडपांनी आणि फांद्यांनी ठासून भरली, वरून पाणी झिरपत ठेवलं आणि आत तो वायू सोडला. फांद्यांवर पसरलेल्या पाण्याच्या पातळ थरात वायू विरघळून गेला. आजच्या पॅक्ड कॉलमचा, म्हणजे वायू आणि द्रव एकमेकांना भिडावेत म्हणून तुकड्यांनी भरलेल्या मनोऱ्याचा, हा पूर्वज. फांद्यांच्या जागी आता चिनी मातीच्या, धातूच्या किंवा प्लास्टिकच्या रिंगा असतात, एवढंच.

उपाय सापडला म्हणून सगळ्यांनी तो केला असं अर्थातच झालं नाही. शेवटी 1863 मध्ये ब्रिटनला अल्कली कायदा करावा लागला. या वायूपैकी निदान 95 टक्के अडवणं बंधनकारक झालं आणि तपासणीसाठी सरकारी निरीक्षक नेमले गेले. पुढे त्यांच्यात जॉर्ज डेव्हिस आला. या शाखेच्या इतिहासात मला सर्वांत रंजक वाटतो तो हा माणूस. त्या काळी कारखानदार प्रतिस्पर्ध्याला दारातही उभं करत नसत. निरीक्षकाला मात्र प्रत्येकाचं दार उघडं! कारखान्यामागून कारखाने पाहताना डेव्हिसच्या ध्यानात आलं, की माल निरनिराळा असला तरी आतली कामं तीच ती आहेत: तापवणं, आटवणं, गाळणं, विरघळवणं, वायू शोषून घेणं. मग ती कामंच स्वतंत्रपणे का शिकवू नयेत?

केमिकल इंजिनिअरांची संस्था काढण्याचा त्याचा 1880 मधला प्रयत्न फसला. 1887 मध्ये त्याने मँचेस्टरच्या टेक्निकल स्कूलमध्ये 12 व्याख्यानं दिली. यात नवीन ते काय, हे तर कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, अशी टीका झाली. टीका खोटी नव्हती. फक्त ते ठाऊक असलेलं तोवर कुणी एकत्र मांडलं नव्हतं. व्याख्यानांचं हँडबुक 1901 मध्ये निघालं.

पदवी सुरू झाली ती अटलांटिकपलीकडे. 1888 मध्ये लुईस नॉर्टन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत ‘कोर्स टेन’ हा अभ्यासक्रम आखला. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा भक्कम पाया आणि त्याला औद्योगिक रसायनाची जोड, असा तो बेत होता. 1891 मध्ये पहिले 7 पदवीधर बाहेर पडले. दुसऱ्या वर्षातल्या त्या पंप-पाइपांचं मूळ इथे आहे. जर्मनीने मात्र वेगळी वाट धरली. तिथे केमिस्ट आणि मेकॅनिकल इंजिनिअर शेजारी शेजारी बसून काम करत, आणि या जोडीनेच 1913 मध्ये ओपाऊ इथे हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारा कारखाना उभा केला. म्हणजे वेगळी पदवी नसती तर उद्योग अडला असता, असं काही म्हणता येत नाही.

खरा साचा पडला 1915 मध्ये. उद्योगांचा रसायन-सल्लागार आर्थर डी. लिटल याने एमआयटीला दिलेल्या अहवालात म्हटलं, की कुठलीही रासायनिक उत्पादनप्रक्रिया मोजक्या मूलभूत क्रियांच्या साखळीत मोडता येते. ‘युनिट ऑपरेशन्स’ हा शब्द तिथून रुळला. 1920 मध्ये एमआयटीत स्वतंत्र विभाग झाला आणि 1923 मध्ये वॉकर, लुईस आणि मॅकॲडम्स यांचं पाठ्यपुस्तक आलं. आता साखर, पेट्रोल किंवा आम्लाचा कारखाना वेगवेगळा शिकायची गरज उरली नाही.

त्या काळाची एक खूण अजून प्रत्येक वर्गात जिवंत आहे. ती म्हणजे 1925 ची मॅककेब-थील पद्धत. उकळवून द्रवांचं मिश्रण वेगळं करणाऱ्या डिस्टिलेशनच्या मनोऱ्यात किती ट्रे, म्हणजे वाफ आणि द्रव भेटण्याचे मजले, लागतील ते काढायचं असतं. ग्राफपेपरवर आधी 45 अंशांची रेघ, मग वाफ आणि द्रव यांच्या समतोलाचा वक्र, मग मनोऱ्यातल्या प्रवाहांचा हिशेब दाखवणारी ऑपरेटिंग लाइन. वक्र आणि ही लाइन यांच्यामध्ये जिन्यासारख्या पायऱ्या काढत खाली उतरायचं आणि पायऱ्या मोजायच्या. पेन्सिल बोथट असली की एखादी पायरी इकडची तिकडे होते! आज सॉफ्टवेअर हे क्षणात करतं. तरी रिफ्लक्स, म्हणजे वरून मनोऱ्यात परत सोडलेला द्रव, कमी केला की लाइन वक्राकडे सरकते, पायऱ्या चिंचोळ्या होतात आणि मनोरा उंच होत जातो, हे कागदावर दिसतं तसं पडद्यावरच्या आकड्यांत दिसत नाही.

1960 मध्ये विस्कॉन्सिनच्या बर्ड, स्टुअर्ट आणि लाइटफूट यांनी या सगळ्याच्या बुडाशी असलेलं गणित पुढे आणलं. संवेग, उष्णता आणि वस्तुमान या तिघांचं वहन जवळपास एकाच धर्तीच्या समीकरणांत बसतं, हे त्यांनी विद्यार्थ्यांसमोर ठेवलं. न संपणारी गणितं ती हीच. पाठोपाठ रिॲक्शन इंजिनिअरिंगचा, म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग आणि त्यासाठीचे रिॲक्टर यांचा, विषय रुजला आणि केमिस्ट्री थोडीफार परतली.

सुरक्षा हा विषय आला तो माणसं गेल्यावर. 1 जून 1974 रोजी इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथे सायक्लोहेक्सेन या ज्वलनशील द्रवाचा भडका उडून 28 जण ठार झाले. सहापैकी पाचव्या रिॲक्टरला तडा गेला होता. तो काढून चौथा आणि सहावा तात्पुरत्या पाइपने जोडले होते. तोंडं 28 इंचांची, पाइप 20 इंचांचा, आणि त्याचा आराखडा काढलेला कार्यशाळेच्या फरशीवर, खडूने. दहा वर्षांनी भोपाळ घडलं. आता शेवटच्या वर्षी विद्यार्थी कागदावर अख्खा कारखाना उभा करतात, तेव्हा हॅझॉप या धोक्यांच्या पद्धतशीर तपासणीसाठी त्यांना एकेका पाइपवर बोट ठेवून विचारावं लागतं: इथला प्रवाह थांबला तर? वाढला तर? उलटा फिरला तर?