टीव्हीवरचे गायक आपल्या गावच्या रंगमंचावर : मंडळे आणि संस्थांसाठी माहितीपत्रक

‘सारेगमप लिटल चॅम्प्स’च्या पहिल्या पर्वाची महाअंतिम फेरी फेब्रुवारी २००९ मध्ये झाली. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत या पाच जणांचे कार्यक्रम त्यानंतर ठिकठिकाणी झाले. तेव्हापासून कुठलेही गाण्याचे पर्व संपले की मंडळांची विचारणा सुरू होते : अंतिम फेरीतली मुले आमच्याकडे येतील का? बहुतेकदा येतात. कार्यक्रम रंगतो की नाही, हे मात्र तारीख ठरल्यानंतरच्या कामावर ठरते. असे कार्यक्रम आम्ही मंडळांसाठी बसवतो; या पत्रकात त्याच कामाची माहिती आहे. बैठकीला येण्याआधी कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी ते एकदा वाचावे, ही विनंती.

टीव्हीवर ऐकलेले आणि रंगमंचावरचे

टीव्हीवर गाणे बहुधा छाटून दोन-तीन मिनिटांचे केलेले असते. ते आधी चित्रित होते, आवाज नंतर मिक्स होतो आणि स्टुडिओत प्रतिध्वनी नसतो. तुमच्या मैदानावर तोच गायक एका संध्याकाळी चार ते सहा गाणी पूर्ण, दोन्ही अंतऱ्यांसह गाणार असतो. त्यामुळे गळ्यावरचा भार कितीतरी वाढतो. गाण्यांची यादी आम्ही निदान आठ दिवस आधी पक्की करून मागतो ती यासाठी.

यादी म्हणजे नुसती गाण्यांची नावे नव्हेत. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, म्हणजे गायक आपला ‘सा’ कुठे धरणार ते, लिहावी लागते. स्पर्धेत अकराव्या वर्षी उंच पट्टीत गायलेले गाणे तोच मुलगा चौदाव्या वर्षी तिथे गाऊ शकत नाही, कारण वयात येताना मुलांचा आवाज फुटतो. प्रेक्षक टीव्हीवरचेच गाणे मागतात. पट्टी उतरवली तर ते गाणे पुन्हा उभे राहते; हट्टाने मूळ पट्टीत गाऊन घेतले तर आवाज चिरतो आणि पुढची तीन गाणी जातात. युगुलगीतात अडचण आणखी वाढते. हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांवरून सांगायचे तर मुलाला काळी एक सोयीची आणि मुलीला काळी चार. एका सुरावर यायचे तर कोणाला तरी ताण पडतोच. म्हणून युगुलगीते दोन-तीनच ठेवा, पण चांगली बसवलेली ठेवा.

यादीचा क्रम लावताना तबल्याचाही विचार करावा लागतो. तबला गाण्याच्या पट्टीला जुळवलेला असतो. काळी एक, मग काळी चार, मग पुन्हा काळी एक असा क्रम लावला की तबलजी दर गाण्याला हातोडी घेऊन बसतो आणि निवेदकाला वेळ काढावा लागतो. एका पट्टीची गाणी जवळजवळ घेतली की तीन तबल्यांत कार्यक्रम होतो. पावसाळ्यात कोकणात दमट हवेने पुडी (तबल्याचे कातडे) सैल पडते आणि तबला उतरतो. दिव्यांच्या थेट उष्णतेत तो चढतो. म्हणून तबला-ढोलकीच्या डोक्यावर दिवा लावू नये, असे आम्ही प्रकाशयोजनाकाराला आधीच सांगतो.

ऐन वेळी आलेल्या फर्माईशीच्या चिठ्ठ्या निवेदकाकडे द्याव्यात, थेट गायकाच्या हातात नको. ज्या गाण्याची तालीम झालेली नाही ते आम्ही घेत नाही.

वेळेचा हिशेब

चोवीस गाणी, प्रत्येकी सरासरी पाच मिनिटे, म्हणजे १२० मिनिटे. निवेदनाला ३०, मध्यंतराला १५. तीन वन्समोअर धरले तर आणखी १५. एकूण तीन तास. साडेसहाला पडदा उघडला तर साडेनऊला संपतो आणि हाताशी अर्धा तास उरतो. उघड्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. बाराची सवलत वर्षातल्या ठराविक दिवसांपुरतीच असते, ते दिवस प्रशासन जाहीर करते. आपली तारीख त्यात आहे का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या.

हा अर्धा तास सर्वांत आधी सत्काराने जातो. शाल, श्रीफळ, पंधरा मान्यवर आणि प्रत्येकाचे दोन शब्द मिळून चाळीस मिनिटे होतात. तोवर गायकांनी विंगेत जमवलेला गळा थंड पडतो आणि लहान मुले पेंगायला लागतात. सत्कार मध्यंतराच्या आधी, दहा मिनिटांत, भाषणाविना उरकावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. देणगीदारांची नावे पडद्यावर दाखवा. ती जास्त लोक वाचतात.

ध्वनी

वाद्यवृंदात साधारणपणे दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), तबला, ढोलकी, टाळ-घुंगरू, गिटार, बेस, बासरी आणि हार्मोनियम असतात. कीबोर्डना प्रत्येकी दोन चॅनेल (मिक्सरमधल्या आवाजाच्या जागा), ऑक्टोपॅड, तबला, ढोलकी आणि हार्मोनियमला दोन-दोन, उरलेल्या चार वाद्यांना एकेक, पाच गायक, एक निवेदक, एक राखीव माइक : एकूण २३. सगळे आवाज एकत्र करणारा चोवीस चॅनेलचा मिक्सर त्यात भरून जातो, ऐन वेळी एक चॅनेल बिघडले तर जागा उरत नाही. म्हणून आम्ही ३२ चॅनेलचाच सांगतो. मंडळाने स्वतःचा साउंडवाला ठरवला असेल तर ही यादी त्याला जशीच्या तशी द्या आणि ‘होईल हो’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. चॅनेल मोजून घ्या.

साउंड चेकला दोन तास लागतात. हे दोन तास आम्ही कमी करत नाही. पहिला तास वाद्यांचा, दुसरा गायकांचा. या वेळात मैदानात खुर्च्या मांडणे चालेल, पण स्पीकरवर दुसरी गाणी लावणे चालणार नाही.

स्पीकरमधून मध्येच कर्कश शिट्टी का वाजते, तेही सांगतो. माइक समोरून ऐकतो आणि मागून कमी ऐकतो, म्हणून पायाशी ठेवलेला मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) त्याच्या पाठीमागे राहतो. लहान मुले उंच सुराला जाताना माइकच्या जाळीवर मूठ आवळतात. त्या क्षणी मागची बाजू बंद होते, माइक चहूकडून ऐकू लागतो, मॉनिटरचा आवाज परत आत शिरतो आणि शिट्टी वाजते. साउंडवाला आवाज खाली ओढतो आणि नेमका उंच सूर प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही. मुलांना साउंड चेकलाच दांडा धरायला शिकवले की निम्मा त्रास जातो. वायरलेस माइकच्या बॅटऱ्या मध्यंतरात सगळ्याच बदलायच्या. अर्धी उरलेली दिसली तरी बदलायच्या.

मैदान लांब असेल तर रंगमंचापासून सुमारे १०० फुटांवर स्पीकरची दुसरी जोडी लागते. आवाजाला तेवढे अंतर कापायला सुमारे ९० मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरला तेवढाच डिले दिला नाही, म्हणजे त्याचा आवाज तेवढा उशिरा सोडला नाही, तर मागच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

सुमारे दोन हजार प्रेक्षकांच्या मैदानासाठी आम्ही ६२.५ केव्हीएचा जनरेटर धरतो. एलईडी भिंत असेल तर तिला वेगळा. दिवे आणि ध्वनी वेगवेगळ्या फेजवर हवेत, नाहीतर दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर फिरवला की स्पीकरमध्ये गुणगुण ऐकू येते. जनरेटरचे अर्थिंग कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तपासून घ्या. रंगमंच ३२ बाय २४ फूट, उंची ४ फूट. धुराचे यंत्र गायक रंगमंचावर असताना लावू देत नाही. तो धूर घशाला लागतो.

थेट वाद्यवृंद की ट्रॅक?

खर्च कमी करायचा म्हणून बरीच मंडळे ट्रॅकवर, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संगीतावर, कार्यक्रम मागतात. चारशेपर्यंत प्रेक्षक आणि बंद सभागृह असेल तर ट्रॅकसोबत एक कीबोर्ड, तबला-ढोलकी आणि ऑक्टोपॅड, असा मधला मार्ग चांगला बसतो. नुसता ट्रॅक आम्ही सुचवत नाही. ट्रॅकची पट्टी दोन स्वरांपेक्षा जास्त हलवली की वाद्ये कृत्रिम वाटतात, आणि लोकांनी ताल धरला तरी ट्रॅक थांबत नाही, वाढतही नाही. अभंगात टाळ वाढत जाणे ही खरी मजा असते. ती ट्रॅकमध्ये मिळत नाही.

परवानग्या

पोलीस ठाण्याची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी, जागामालकाचे पत्र आणि मोठ्या मांडवासाठी अग्निशमन दलाचा दाखला यांची तयारी तीन आठवडे आधी सुरू करा. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर तो शांतता परिसर असतो. तिथे जागाच बदला. इतरांची गाणी रंगमंचावर गायली जातात त्याचा परवाना आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडून घ्यावा लागतो. मध्यंतरात किंवा ट्रॅक म्हणून ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची असतील तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकांचा परवाना वेगळा. तिकीट प्रति व्यक्ती ५०० रुपयांपर्यंत असेल तर प्रवेशावर जीएसटी नाही. त्यापुढे तो लागतो.

फलकावर गायकाच्या नावाआधी टीव्ही कार्यक्रमाचे नाव घालून ‘फेम’ लिहायची पद्धत आहे. पण त्या टीव्ही कार्यक्रमाचे बोधचिन्ह आणि नाव वाहिनीच्या मालकीचे असते आणि पर्वानंतरही काही काळ गायक करारात बांधलेले असू शकतात. फलक छापण्याआधी मजकूर आम्हाला दाखवा. वाहिनीची लेखी परवानगी नसेल तर बोधचिन्ह वापरू नका.

चौदा वर्षांखालील गायक असतील तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी बंधनकारक आहे. मुलाचे काम दिवसात पाच तासांपेक्षा जास्त नको आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नको. साउंड चेक आणि कार्यक्रम मिळून पाच तास भरतात, म्हणून दुपारी शाळाभेट, संध्याकाळी कार्यक्रम असा बेत आम्ही स्वीकारत नाही. मुलाच्या मानधनातला निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदतठेवीत जायला हवा, याची नोंद आमच्या करारपत्रात असते. पालकांपैकी एकजण सोबत असतो. त्याचा प्रवास आणि मुक्काम मंडळाकडे.

दौऱ्याची आखणी

सांगली, कोल्हापूर, सातारा अशा लागून तीन संध्याकाळी जमतात. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला येऊन त्याच दिवशी गायला लावणे टाळतो. घाटात मुलांना मळमळते आणि दुपारची झोप होत नाही. सलग तीन कार्यक्रमांनंतर एक दिवस गळ्याला सुट्टी. शेजारच्या दोन-तीन मंडळांनी मिळून तारखा घेतल्या तर प्रवास आणि वाद्यांच्या गाडीचा खर्च वाटला जातो. नाट्यगृह हवे असेल तर तारखा काही महिने आधी द्याव्या लागतात आणि सकाळ, दुपार, रात्र यांतले सत्र ठरवावे लागते. रात्रीचे सत्र घेतले तरी साउंड चेकसाठी दुपारी सभागृह मोकळे मिळते का, हे व्यवस्थापकाकडून लिहून घ्या. दुपारी तिथे नाटकाचा प्रयोग असला तर तुमच्या हाती जेमतेम तास राहतो.

पहिल्या बैठकीला येताना जागेचा नकाशा किंवा फोनवर काढलेले चार बाजूंचे फोटो, अपेक्षित प्रेक्षकसंख्या, दोन पर्यायी तारखा आणि हवी असलेली दहा गाणी लिहून आणा.