कन्सोल की पीसी: सात वर्षांचा हिशेब

गेम खेळायला कन्सोल (प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखं टीव्हीला जोडायचं यंत्र) स्वस्त आणि पीसी महाग, हे विकत घ्यायच्या दिवशी खरंच असतं. पुढे मात्र गणित बदलत जातं. पीसीचा मोठा खर्च सुरुवातीलाच होऊन जातो. कन्सोलचा खर्च वर्षानुवर्षं हप्त्यासारखा चालू राहतो, फक्त त्याला हप्ता असं कुणी म्हणत नाही.

मुळात कन्सोल इतका स्वस्त मिळतो कसा? प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ५०० डॉलरला आला, तेव्हा सोनी तो तोटा सोसून विकत होती. डिस्कवाल्या मॉडेलवरचा तोटा थांबल्याचं कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी गेम कंपनी एपिक विरुद्ध अ‍ॅपल या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने साक्ष दिली की, एक्सबॉक्सच्या नुसत्या यंत्रविक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. आता एवढ्या मोठ्या कंपन्या हौस म्हणून तोटा सोसत नाहीत. तो वसूल होतो गेमच्या विक्रीतल्या कमिशनमधून, जे साधारण ३० टक्के असतं, आणि ऑनलाइन खेळण्यासाठी घ्याव्या लागणाऱ्या सबस्क्रिप्शनमधून.

हे सबस्क्रिप्शनच लोक हिशेबात धरायला विसरतात. प्लेस्टेशनच्या सबस्क्रिप्शनचा, म्हणजे पीएस प्लसचा, सगळ्यात स्वस्त वार्षिक प्लॅन सप्टेंबर २०२३ मध्ये ६० वरून ८० डॉलरवर गेला. प्लेस्टेशनच्या पिढ्या आल्या २००६, २०१३ आणि २०२० मध्ये, म्हणजे एक पिढी साधारण सात वर्षं चालते. सात वर्षं ८० डॉलर भरले तर होतात ५६०. म्हणजे मित्रांबरोबर खेळता यावं एवढ्यासाठीच मूळ कन्सोलपेक्षा जास्त पैसे गेले. या प्लॅनमध्ये दर महिन्याला काही गेम मिळतात हे खरं, पण सदस्यत्व बंद केलंत की तेही बंद. पीसीवर इंटरनेटच्या बिलापलीकडे असा वेगळा आकार नाही.

अर्थात हे गणित सगळ्यांना लागू होत नाही. फोर्टनाइटसारखे फुकटातले ऑनलाइन गेम प्लेस्टेशनवर सबस्क्रिप्शनशिवाय चालतात, एक्सबॉक्सवरही एप्रिल २०२१ पासून चालतात. आणि जो एकट्याने कथाप्रधान गेम खेळतो, त्याचा तर या भानगडीशी संबंधच येत नाही.

गेमच्या किमतीत मात्र पीसी उजवा ठरतो. नवा मोठा गेम दोन्हीकडे बहुधा एकाच किमतीला येतो, पण पीसीवर ऑनलाइन दुकानं अनेक आहेत. स्टीम, एपिक, जीओजी यांची आपसात चढाओढ चालते आणि वर्षा-दोन वर्षांत तोच गेम सेलमध्ये अर्ध्या किमतीला किंवा त्याहूनही कमीत मिळतो. एपिक तर डिसेंबर २०१८ पासून फुकट गेम वाटत सुटली आहे. यात एक मेख आहे. स्वस्त आहे म्हणून घेतलेले आणि कधीच न उघडलेले गेम ज्याच्या स्टीम लायब्ररीत नाहीत, असा पीसीवाला शोधून सापडणार नाही. तोही खर्चच.

कन्सोलचा हुकमी एक्का म्हणजे डिस्क. गेम घ्या, संपवा, विकून टाका, आलेल्या पैशांत दुसरा घ्या. वर्षाला दोन-तीन गेम अशा पद्धतीने खेळणाऱ्याला पीसी कधीच परवडणार नाही, कारण स्टीमवरचा गेम तुमच्या खात्याला चिकटलेला असतो, तो विकता येत नाही. पण कंपन्या हा एक्काच काढून घेत चालल्या आहेत. २०२४ मध्ये पीएस ५ प्रो आला तो ७०० डॉलरला, आणि त्यात डिस्क ड्राइव्ह नाही! ड्राइव्हचे तेव्हा ८० डॉलर वेगळे. त्यामुळे सुरुवातीला थोडे पैसे वाचवायला बिनड्राइव्हचा कन्सोल घेणं मला तरी आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो.

‘थोडं थांबू, स्वस्त होईल’ हा जुना सल्लाही आता फारसा कामाचा राहिलेला नाही. २००० साली अमेरिकेत ३०० डॉलरला आलेला पीएस २ पुढे २००९ मध्ये १०० वर उतरला होता. पीएस ५ उलट ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चा ५५० झाला.

पीसीवाल्यांचा आवडता युक्तिवाद म्हणजे सुटे भाग बदलता येतात. तो खरा आहे, पण अर्धाच. एएमडी कंपनीचं एएम४ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा, बघा. २०१७ साली एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरबरोबर घेतलेल्या बऱ्याच मदरबोर्डवर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. मदरबोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर नवा. २०१६ साली २५० डॉलरला आलेलं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड कितीतरी वर्षं स्टीमच्या हार्डवेअर सर्वेक्षणात पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणजे लोक एका कार्डावर निवांत दिवस काढतात. अडचण यंत्राची नसते, अपग्रेडच्या खाजेची असते. नवं कार्ड आलं, रिव्ह्यू बघितले, आणि परवापर्यंत झकास चालणारा पीसी अचानक मंद वाटायला लागला. कन्सोलवाल्याला ही मुभाच नसते, त्यामुळे त्याचे पैसे आपोआप वाचतात. शिवाय पीसीच्या भागांचा बाजार बेभरवशाचा आहे. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डं भडकली, तर २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरमुळे रॅम.

विजेचा फरक लहान, पण मोजण्यासारखा. पीसी कन्सोलपेक्षा २०० वॅट जास्त ओढत असेल आणि रोज दोन तास खेळलात, तर वर्षाला १४६ युनिट जादा लागतात.

घरात अभ्यासाला किंवा कामाला कॉम्प्युटर लागणारच असेल, तर पीसीची सगळी किंमत गेमिंगच्या नावावर टाकणं बरोबर नाही. साधा पीसी आणि गेमिंग पीसी यांतला फरक, म्हणजे मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि थोडा बरा पॉवर सप्लाय, एवढाच खर्च धरा. तसंच कन्सोलसाठी टीव्ही नवा घ्यावा लागणार असेल, तर तो कन्सोलच्या खात्यात मांडा.

विकायची वेळ आली की कन्सोल पटकन जातो, कारण घेणाऱ्याला नेमकं काय मिळणार हे ठाऊक असतं. मात्र तुमच्या खात्यावरचे डिजिटल गेम त्याच्याबरोबर जात नाहीत. पीसी अख्खा विकायला गेलात तर भाव पाडून मागतात. सुटा सुटा विकला, कार्ड एकाला, रॅम दुसऱ्याला, तर पैसे बरे येतात, फक्त तेवढी खटपट करायची तयारी हवी.