विघटनशील इलॅस्टोमर (तेल व वायू विहिरींतील)

ठरावीक काळ दाब अडवून धरणारे आणि काम झाल्यावर विहिरीतल्या पाण्यात व उष्णतेत मोडून पडणारे रबरासारखे बहुवारिक (पॉलिमर). शेल खडकातील आडव्या विहिरींत फ्रॅक प्लगच्या (विहिरीचा एकेक टप्पा तात्पुरता बंद करणाऱ्या बुचाच्या) सीलसाठी ते प्रामुख्याने वापरतात. अमेरिकेत टेक्सास व न्यू मेक्सिकोत पसरलेले पर्मियन खोरे हे अशा विहिरींचे मोठे क्षेत्र आहे.

अशा विहिरीत खडक फोडण्याचे काम टप्प्याटप्प्याने चालते. आधीचा टप्पा प्लगने बंद करायचा, केसिंगला (विहिरीच्या पोलादी नळीला) भोके पाडायची आणि पाणी-वाळूचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडायचे. बऱ्याच प्लगना १०,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबफरक सोसावा लागतो. सगळे टप्पे उरकले की हेच प्लग तेलाच्या वाटेतला अडथळा ठरतात. पारंपरिक पद्धतीत ते कॉइल्ड ट्युबिंगच्या (रिळावरून विहिरीत सोडायच्या लांब नळीच्या) टोकाला मिल, म्हणजे फिरते कापणारे हत्यार, लावून फोडतात. पण विहिरीचा आडवा भाग तीन किलोमीटरपलीकडे गेला की घर्षणाने ट्युबिंग वाटेतच अडकते आणि शेवटच्या प्लगपर्यंत पोहोचेलच असे नाही. विरघळणाऱ्या प्लगची गरज मुख्यतः इथूनच निर्माण झाली.

प्लगच्या टणक भागांसाठी मॅग्नेशियमची मिश्रधातू किंवा पॉलिग्लायकॉलिक आम्ल चालते. शस्त्रक्रियेत शरीरात विरघळणारे काही टाके याच आम्लाचे असतात. खरी अडचण रबराची. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना व्हल्कनीकरण (गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करणे) साधले, तेव्हापासून रबर अधिकाधिक टिकावे हाच या रसायनशास्त्राचा ध्यास राहिला. सीलसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या नायट्राइल रबराच्या रेणुसाखळीचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो. पाणी त्याला तोडू शकत नाही.

म्हणून पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनकडे वळावे लागले. पाणी त्यातील एस्टर बंध तोडते, त्यातून आम्ल तयार होते आणि ते पुढची तोड आणखी वेगाने घडवते. पॉलिईथर जातीचे पॉलियुरेथेन पाण्यात बरेच टिकते, त्यामुळे इथे ते निरुपयोगी. पाणी आतपर्यंत झिरपत असल्याने हे रबर साखरेसारखे वरून झिजत जात नाही. ते फुगते, ताकद गमावते, भेगाळते आणि तुकडे होऊन सुटते. ‘विरघळणारे’ हा बाजारातला शब्द त्यामुळे जरा सैलच म्हणायला हवा: राहिलेले तुकडे मोठे असतील तर ते प्रवाहाबरोबर वर येऊन पृष्ठभागावरील चोक (प्रवाह आवरणारी झडप) तुंबवू शकतात.

वेग मुख्यतः तापमानावर ठरतो. गरम विहिरीत सील वेळेआधी ढिले पडण्याचा धोका असतो, तर थंड विहिरीत ते आठवडेच्या आठवडे तसेच राहू शकते. पंपिंग चालू असताना वरून येणारे थंड पाणी विघटन मंदावते. पंप थांबले की खडकाची उष्णता परतते आणि क्रिया पुन्हा वेग घेते. त्यामुळे सील निवडताना खडकाच्या मूळ तापमानाबरोबर पंपिंगच्या काळातले तापमानही पाहावे लागते. कार्बोडायइमाइडसारखी स्थिरके मिसळून सुरुवातीचा टिकाव वाढवता येतो. हवेतली आर्द्रताही या पदार्थाला बाधते, म्हणून सील वापरेपर्यंत हवाबंद वेष्टनात ठेवतात.