सिग्नल फिल्टर (केबल व ब्रॉडबँड)

केबल दूरचित्रवाणीच्या किंवा ब्रॉडबँडच्या तारेतून एकाच वेळी अनेक वारंवारता जात असतात. त्यांतील ठरावीक पट्ट्याला वाट देऊन बाकीच्यांना अडवणारा घटक म्हणजे सिग्नल फिल्टर. केबलवर वापरला जाणारा फिल्टर दिसायला बोटाएवढी धातूची नळकांडी असतो. त्याच्या दोन्ही टोकांना आटे असतात आणि आत तांब्याची वेटोळी व कपॅसिटर असतात. ७५ ओहमच्या कोॲक्सियल तारेच्या (मधोमध एक तार आणि तिच्याभोवती धातूचे आवरण असलेल्या, केबलच्या नेहमीच्या तारेच्या) जोडावर तो फिरवून बसवतात. वेगळी वीज लागत नाही. फिल्टर सिग्नल वाढवत नाही, उलट किंचित घटवतोच, त्यामुळे क्षीण सिग्नलमुळे पडद्यावर दिसणाऱ्या मुंग्या त्याने जात नाहीत.

केबलवरून इंटरनेट सुरू झाल्यावर फिल्टरचे महत्त्व वाढले, कारण तोवर बहुतांशी एकेरी असलेली वाहतूक दुहेरी झाली. अमेरिकेतील जुन्या मांडणीत ग्राहकाकडून केंद्राकडे जाणारा सिग्नल ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये, तर केंद्राकडून येणारा ५४ मेगाहर्ट्झच्या वर असतो. खालच्या पट्ट्यात लघुलहरी रेडिओ, मोटारींच्या ठिणग्या आणि घरगुती उपकरणांचा गोंगाट असतो व तो सैल जोडातून किंवा उंदराने कुरतडलेल्या तारेतून आत शिरतो. येणारा सिग्नल प्रत्येक घरी वाटला जातो, पण परतीच्या वाटेवर सगळ्या घरांचा गोंगाट एकत्र होऊन केंद्राकडे जातो, म्हणून एका घरातल्या सैल जोडाचा त्रास अख्ख्या गल्लीला होतो. ज्या घरी फक्त दूरचित्रवाणी आहे, तिथे परतीचा पट्टा अडवणारा हाय-पास फिल्टर बसवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय होय.

त्याआधी अमेरिकेत फिल्टरचे काम मुख्यतः कुलपाचे होते. जादा पैशांची वाहिनी न घेणाऱ्याच्या तारेवर खांबापाशीच तेवढी वाहिनी कापणारा ‘ट्रॅप’ लावला जाई. याची उलटी पद्धतही होती: वाहिनीत चित्र आणि ध्वनी यांच्या वाहक लहरींमध्ये मुद्दाम अडथळ्याची लहर सोडायची आणि ती गाळणारा फिल्टर पैसे भरणाऱ्यालाच द्यायचा. दोन्ही कुलपे पान्याने उघडण्याजोगी होती, ही त्यांची उघड उणीव. पुढे सांकेतिकीकरण आणि सेट-टॉप बॉक्स यांनी हे काम आपल्याकडे घेतले. मुंबईत २०१२ च्या अखेरीस डिजिटल केबल सक्तीची झाली, तीही याच पद्धतीची.

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांना फिल्टरची ओळख झाली ती टेलिफोनच्या तारेवरून. २००५ नंतर पसरलेल्या एडीएसएल ब्रॉडबँडमध्ये बोलणे ४ किलोहर्ट्झच्या खाली आणि डेटा सुमारे २५ किलोहर्ट्झच्या वर एकाच जोडतारेतून जात असे. त्यांना वेगळे करणाऱ्या स्प्लिटरच्या डबीला लाइन, फोन आणि मोडेम अशी तीन तोंडे असत. आतल्या खोलीतला समांतर फोन डबीच्या अलीकडेच जोडलेला राहिला, तर तो उचलताच कानात खरखर येई आणि मोडेमचा दिवा लुकलुकू लागे.

घरातील कोॲक्सियल तारेवरच जाळे उभारणाऱ्या मोका पद्धतीत १ गिगाहर्ट्झवरचा सिग्नल शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणून घराच्या प्रवेशापाशी फिल्टर लावतात. फायबरमध्ये तांब्याची वेटोळी नसतात, पण घरातल्या यंत्रात येणारा १४९० नॅनोमीटरचा व जाणारा १३१० नॅनोमीटरचा प्रकाश वेगळा करायला फिल्टर लागतोच. तो प्रकाशीय असतो.