गोव्यात जुनं घर पाडून बांधताय? राडारोडा कुठे जाणार ते आधी ठरवा

नकाशा आर्किटेक्ट काढतो, अंदाजपत्रक इंजिनीअर देतो, जमिनीचा एक-चौदाचा उतारा ऑनलाइन मिळतो. एवढं जमवून बांधकाम परवानगीचा अर्ज घेऊन गेलेला माणूस अडतो तो एका साध्या प्रश्नावर: पाडलेल्या घराचा राडारोडा टाकणार कुठे? 'कंत्राटदार बघेल' हे उत्तर पूर्वी खपायचं. कंत्राटदार बघायचा म्हणजे काय, ते बगलरस्त्यांच्या कडेला आणि शेतांच्या बांधांवर पडलेले ढीग सांगतातच.

पहिला गैरसमज वजनाचा. १ एप्रिल २०२६ च्या आधी लागू असलेल्या बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा निर्माण करणाऱ्याला मोठा उत्पादक धरलं. त्याने काम सुरू करण्याआधी कचरा व्यवस्थापन आराखडा देऊन स्थानिक संस्थेची, म्हणजे पंचायतीची किंवा पालिकेची, मंजुरी घ्यायची. लोक वाचतात 'मोठा' आणि म्हणतात, हे बिल्डरांसाठी, आमचं आपलं तळमजल्याचं घर. आता हिशेब करा. जुन्या घराच्या आतल्या-बाहेरच्या भिंतींची लांबी मिळून ८० मीटर, उंची साडेतीन मीटर, जाडी ४० सेंटीमीटर. दारं-खिडक्या वजा जाता १०० घनमीटर भिंत उरते. चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, घनमीटर साधारण दोन टनांचा, म्हणजे २०० टन झाले. जोतं आणि पाया खणून काढलात तर आणखी ७०-८०. त्यावर गिलावा, जमीन, कौलं. तीनशेचा आकडा हाकेच्या अंतरावर आला. आणि दिवसाचे २० टन म्हणजे दहा टनी टिप्परच्या दोन फेऱ्या. जेसीबी लावला की ते दुपारच्या जेवणाआधी होतं.

त्या नियमातला शब्द 'किंवा' होता, 'आणि' नव्हे. एवढं लक्षात ठेवलं असतं तरी निम्मे अर्ज परत आले नसते.

दुसरी अडचण त्याहून जुनी. अर्ज मंजूर व्हायच्या आधीच घर पाडलेलं असतं. दिवाळी झाली की पाडायचं आणि जूनच्या आत छप्पर चढवायचं, हे गोव्यातलं वेळापत्रक. पाऊस कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे घाई समजू शकते. पण जुन्या घराचं क्षेत्रफळ, उंची, जागेवरची आखणी यांचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ते घरच. ते गेलं की तुम्ही 'पुनर्बांधणी' म्हणता आणि समोरचा 'नवं बांधकाम' म्हणतो. समुद्र किंवा भरतीची नदी जवळ असेल तर हे फारच महाग पडतं. तिथे गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि पहिली किनारी अधिसूचना निघाली त्या १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी घर उभं होतं हे दाखवावं लागतं. त्या काळातली घरपट्टीची पावती कोणाकडे असते? फारच थोड्यांकडे. सर्व्हे नकाशावर घराची आकृती आहे का ते आधी पाहा, जुनं वीजबिल शोधा, पंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीचा साक्षांकित उतारा मागा. आणि हात लावण्यापूर्वी चारी बाजूंनी फोटो काढून इंजिनीअरकडून मोजमापाचा नकाशा सही-शिक्क्यासह करून ठेवा.

आता तो कागद, जो जवळजवळ कोणाकडेच नसतो: राडारोडा स्वीकारणाऱ्याचं लेखी पत्र. पंचायतीने किंवा पालिकेने जागा नेमून दिली असेल तर तिचं नाव लिहा आणि वाहतूक-विल्हेवाटीचं शुल्क भरल्याची पावती जोडा. नसेल तर तसं लेखी मागा. जागा नेमणं हे स्थानिक संस्थेचं काम आहे, अर्जदाराचं नव्हे. खरं तर इथे चीड येते. ज्या कार्यालयाने जागा दाखवायची, तेच अर्जदाराला विचारतं की जागा कुठली. तरीही पत्र देऊन पोच घेतलेली असली की अर्ज तुमच्यामुळे अडला असं कोणी म्हणू शकत नाही.

यावर लोक एक 'सोपी' वाट काढतात, आणि तिच्यापासून लांबच राहा असं कळकळीने सांगतो. ओळखीच्या माणसाचं पत्र आणतात: 'माझ्या सर्व्हे नंबरमधल्या सखल जागेत भर घालण्यास हरकत नाही.' ती सखल जागा म्हणजे बहुधा भातशेत, कधी खाजन, म्हणजे भरतीचं पाणी बांधाने अडवून राखलेली शेतजमीन. नगरनियोजन कायदा, १९७४ च्या कलम १७-अ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय सखल जमीन बुजवता येत नाही. म्हणजे तुम्ही स्वतःच्या अर्जाला दुसऱ्याच्या गुन्ह्याचा पुरावा जोडता. शिवाय खाजनात चार टिप्पर रिकामे झाले की पाण्याची वाट तुंबते आणि पुढच्या पावसात वरच्या वाड्यावर पाणी चढतं.

यातून सुटायचा खरा मार्ग म्हणजे ढीगच कमी करणं, आणि जुनं गोवेकर घर त्याला फार सोयीचं आहे. चिरा मातीच्या किंवा चुन्याच्या गाऱ्यात बसवला असेल तर पहारीच्या हलक्या टोकणीने मोकळा होतो. घासून काढला की पुन्हा भिंतीत जातो. सिमेंटच्या सांध्यातला चिरा मात्र सांधा सोडत नाही, स्वतः फुटतो. म्हणून जुना भाग आणि नंतर वाढवलेली खोली वेगवेगळी पाडा. मंगळुरी कौलं हाताने उतरवा, वासे आणि रिपा खिळे काढून सावलीत रचा. फुटक्या चिऱ्यांची भर नव्या जोत्यात जाते. हे सगळं आराखड्यात आकड्यांनी लिहा: किती चिरे परत वापरणार, किती घनमीटर भर जोत्यात, बाहेर जाणार तेवढे टन किती. 'शक्य तेवढा पुनर्वापर करू' असलं वाक्य कोणी वाचत नाही.

हवामानाच्या दृष्टीनेही फायदा इथेच आहे. सिमेंटच्या कार्बन उत्सर्जनाचा निम्म्याहून जास्त भाग इंधनाचा नसतो. भट्टीत चुनखडी भाजताना ती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते. भट्टीत सौर वीज वापरली तरी तो भाग तसाच राहतो. चिऱ्याला भट्टीच लागत नाही, आणि जुन्या चिऱ्याला खाणही नाही. काँक्रीट फोडून केलेल्या खडीबद्दल इंजिनीअर नाक मुरडेल, त्याला काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याची २०१६ ची आवृत्ती दाखवा: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ दर्जापर्यंतच्या आरसीसीत (सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये) २० टक्के आणि लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण शंभर टक्के अशी खडी चालते. चिऱ्याचा चुरा या हिशेबात धरू नका, तो काँक्रीटची खडी नव्हे.

ढीग चार वेगळे: काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, विटा-गारा. ते आपल्याच आवारात, गटार आणि रस्ता मोकळा ठेवून. मागच्या पडवीवर जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू नका, या ढिगांत मिसळूही नका. ओले करून अख्खे उतरवा आणि त्यांच्या विल्हेवाटीबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळं विचारा.

बाकी कागद नेहमीचे: उतारा, सर्व्हे नकाशा, लागत असल्यास सनद (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र. उताऱ्यावर अजून आजोबाच असतील तर वारसांच्या संमतीची तयारी आधी करा. लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर इथल्या नागरी कायद्याने मालमत्ता पतिपत्नीची सामाईक असते, म्हणून भावांबरोबर वहिनींच्याही सह्या लागतात. त्याच संमतीपत्रात जुनी सागवानी दारं आणि वासे कोणाचे, तेही लिहून टाका. दारांवरून थांबलेली कामं कागदांवरून थांबलेल्या कामांपेक्षा लवकर सुटत नाहीत.

तारखांचे दोन घोळ. या विषयाचे २०२५ चे नवे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू, हे वाचून काहींनी अर्थ काढला की तोवर काहीच बंधन नाही. तसं नाही, त्या तारखेपर्यंत २०१६ चे नियम होतेच. उलटा घोळ असा: नव्या नियमांत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना केंद्रीय पोर्टलवर नोंदणी आणि पुनर्चक्रणाची लक्ष्यं आहेत, म्हणून लहान घरवाला मोकळा. तोही नाही. कचरा वेगळा ठेवणं आणि योग्य जागी पोचवणं त्याच्याकडेच राहतं.

दुसरा घोळ ३० दिवसांचा. गोवा पंचायतराज कायदा, १९९४ च्या कलम ६६ खाली पंचायतीने अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवायचा असतो. कळवला नाही तर परवानगी मिळाली असं समजून लोक जेसीबी बोलावतात. कायदा तसं म्हणत नाही. ३० दिवस संपल्यावर पुढच्या ३० दिवसांत पंचायत खात्याच्या उपसंचालकांकडे अपील करायचं. तिथेही ३० दिवसांत निकाल लागला नाही तरच परवानगी मिळाल्याचं मानलं जातं. अपिलाची मुदत चुकली की तो रस्ता बंद. हे दिवस मोजायला अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का हवा. 'सचिव आज नाहीत, ठेवून जा' असं सांगितलं तर ठेवून जाऊ नका, दुसऱ्या दिवशी या.